आरशावरच्या टिकल्या

१

आमच्या वाडीत मोगराच मोगरा होता आणि आमच्या घरातल्या कुठल्याही बाईने कधी मोगऱ्याचा गजरा माळला नव्हता. बाहेरच्याला ही थाप वाटते, पण शिरगावात कुणालाही विचारा. मोगऱ्याची कळी दिवस उजाडायच्या आत खुडायची असते. मिटलेली आहे तोवरच तिला दादरच्या बाजारात मान. संध्याकाळी उमलली की तिच्याकडे कुत्रं बघत नाही. म्हणून आम्ही रोज पहाटे वाकून वाकून झाडं रिकामी करायचो, कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून टोपल्या पालघर स्टेशनात धाडायचो, आणि संध्याकाळी सगळ्या जगात मोगरा फुलायचा तेव्हा आमची वाडी नुसती हिरवी असायची. लग्नाकार्याला जाताना माझी बायको शैला प्लास्टिकचा गजरा लावायची.

मी कृष्णकांत. बोईसरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. आयुष्यभर वायरी, फ्यूज आणि मोटारी यांच्यात काढल्यामुळे माझा स्वभाव सरळ झाला होता. शॉक बसतो तो तार उघडी असते म्हणून, मागच्या जन्मीच्या पापामुळे नव्हे, असं मी सगळ्यांना ऐकवायचो. काही बिघडलं तर कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर शोधणारा आळशी असतो. ही माझी फुशारकी शैलाने शंभर वेळा ऐकली होती.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला आम्ही जुन्या घरासमोर, अंगणाच्या पलीकडे, नवं घर बांधलं. पक्कं, स्लॅबचं. पुढे बसायची खोली, मागे निजायची, स्वयंपाकघर, न्हाणीघर. रंग झाला, फरशी झाली, वीज मी स्वतः ओढली. राहायला जायचं तेवढं राहिलं.

वास्तुशांत व्हायची होती ना! ती झाल्याशिवाय नव्या घरात चूल पेटवायची नाही, अंथरूण टाकायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. गिलावा सुकतो न सुकतो तोच माझे वडील गेले, ते वर्ष बाद. पुढच्या वर्षी अधिक महिना आला. मग माझे चुलते धर्माजीकाका, घरात वडीलधारे तेच उरलेले, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. त्यानंतर मोगऱ्याचा हंगाम, आणि हंगामात मरायलाही सवड नसते. पुढे खिडकीच्या ग्रिलचा रंग शैलाला पटला नाही. "अर्धवट घरात पाय नाय ठेवायचा," ती म्हणायची. "एकदाच काय ते नीट होऊ दे."

दरम्यान ती घर भरत होती. पलंग आला, आरशाचं टेबल आलं, खुर्च्या आल्या, त्यांच्यावरचं प्लास्टिक तसंच ठेवलं. सोनेरी काठाचे कप, चंदनाचा साबण, टॉवेल, आणि वास्तुशांतीला नेसायची अंजिरी रंगाची रेशमी साडी. निजायच्या खोलीत छताला तिने पाळण्यासाठी कडीसुद्धा बसवून घेतली होती. आम्हाला मूल नव्हतं. होईल तेव्हा पुन्हा स्लॅब फोडायला नको, एवढंच ती तेव्हा म्हणाली होती.

दर शनिवारी ती कुलूप काढून घर झाडायची, पुसायची, आणि पुन्हा कुलूप लावून किल्ली कमरेला खोचायची. जुन्या घरात आम्ही कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचो. ती भरपूर साखर घालून, मी नावापुरती.

२

पहिल्यांदा दिसली ती टिकली.

शनिवारची दुपार होती. पंख्याचा रेग्युलेटर तपासायला मी शैलाबरोबर नव्या घरात गेलो होतो. ती पलंगाखाली झाडू घालत होती, मी स्टुलावरून उतरत होतो, आणि आरशाच्या वरच्या कोपऱ्यात मला टिकली दिसली. मरून रंगाची, शैला लावायची तसली.

"ही कधी लावलीस?"

ती उठून बघायला आली. "मी कशाला लावीन? मी हितं टिकली काढतेच कधी?"

खरं होतं. टिकल्या चिकटवायचा तिचा आरसा जुन्या घरात होता. रोज निजताना कपाळावरची काढून आरशाच्या कडेला लावायची, सकाळी तीच पुन्हा कपाळावर. त्या आरशाची कड टिकल्यांनी भरून गेली होती. दाढी करताना मला माझा गाल शोधावा लागायचा.

"घामानं सुटून पडली असेल," मी म्हणालो. "पुसताना फडक्याला लागली, फडक्यावरून आरशाला."

"असंल," ती म्हणाली आणि नखाने खरवडून ती तिने पदराला पुसली.

पुढच्या शनिवारी तिथे तीन होत्या. एकाखाली एक, नीट रांगेत.

मी पुन्हा फडक्याचं कारण दिलं. या वेळी मला ते स्वतःलाच पटलं नाही, पण दुसरं सुचेना.

३

मग साबण. न्हाणीघरातली चंदनाच्या साबणाची वडी शैलाने वेष्टनातून काढून बशीत ठेवली होती, शोभेला. ती झिजली होती. वरची अक्षरं गेली होती आणि कडेला एक लांब केस चिकटला होता. टॉवेल दांडीवर होता तसाच होता, फक्त एक टोक ओलं होतं.

शैलाचा पारा चढला. आमच्याकडे कळ्या खुडायला बुधी यायची, पलीकडच्या पाड्यावरची. पोक्त बाई, वर्षानुवर्षं आमच्याकडे कामाला. शैलाने तिला ओट्यावर उभं केलं.

"खरं सांग बुधी, नव्या घरात तू जातेस?"

"मी नाय जात, बाय."

"मग माझा साबण कोन वापरतंय?"

बुधीने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तूच त होतीस काल आत. केस विंचरत होतीस. मी खिडकीतून हाक मारली, शैलाबाय, टोपली कुठं ठेवू? तर तू वळली पन नाय."

"काल? कधी?"

"दुपारचे."

काल दुपारी शैला माझ्याबरोबर पालघरला दातांच्या डॉक्टरकडे होती. गाल धरून बाकावर बसली होती.

"आनि बाय," बुधी हळूच म्हणाली, "तुजे केस लय पिकलेत. मना वाटला, आज बाय कलप लावाला विसरली."

एरवी मी खो खो हसलो असतो. शैलाचे केस काळेभोर होते आणि कलपाचं नाव काढलं तरी ती भांडायला उठायची. पण बुधी चेष्टा करत नव्हती. शैला आत गेली आणि तिने भांडी आपटायला सुरुवात केली.

मी कुलूप बदललं. किल्ली एकच, शैलाच्या कमरेला. शिवाय नव्या घराचे दोन्ही फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकले. अंधार आणि कुलूप, बघू आता कोण येतंय! ओट्यावरून उतरता उतरता सवयीने मीटरकडे नजर गेली.

मीटरची चकती फिरत होती.

वेगाने नाही. एखादा दिवा आणि पंखा चालू असावा इतपत, अगदी बेताने. मी खिशात हात घालून फ्यूज चाचपले. दोन्ही होते. मेन स्विच बंद होता. मी मीटरवर टिचकी मारली, तारा तपासल्या, मीटर खराब झालाय असं मोठ्याने म्हणालो. मग दाराला कान लावला.

आत कपात चमचा वाजत होता. गोल गोल फिरत राहिला, भरपूर साखर घातल्यावर ढवळावं लागतं तितका वेळ. मग थांबला. मग दुसऱ्या कपात वाजला, एकदाच, थोडासा.

उंदीर असणार, असं मी शैलाला सांगितलं. उंदीर चहा ढवळत नाहीत हे मला कळत होतं, पण माणसाला काहीतरी सांगावं लागतं.

शनिवारी कपाटातले सोनेरी काठाचे कप पाहिले. दोन कपांच्या तळाला तपकिरी वळं होतं, वर्षानुवर्षं वापरलेल्या कपांना असतं तसलं, घासून न जाणारं. बाकीचे कोरे होते.

४

या सगळ्यात चंद्रभान मेला.

चंद्रभान आमच्या कारखान्यात फिटर. जौनपूरकडचा, बोईसरला एका खोलीत तिघांबरोबर राहायचा. त्याला मासे धरायचा भयंकर नाद, पण इथे यायच्या आधी केव्हातरी धरले तेवढेच. "कृष्णाभाऊ, बस थोडे साल," तो म्हणायचा. "रिटायर होके गांव जाऊंगा, तालाब किनारे बंसी डालके बैठूंगा. फिर कोई भोंगा नहीं सुनना है." त्याने आधीच एक छानशी काठी आणि गळ घेऊन ठेवला होता. मी म्हणायचो, अरे समुद्र जवळ आहे, शिरगावच्या किल्ल्यापाशी ये रविवारी, बसू दोघं. तो म्हणायचा, "अभी नहीं, आराम से करेंगे."

एका सकाळी चहाच्या सुट्टीत आम्ही उभे होतो. त्याने घोट घेतला, "आज शक्कर कम है," म्हणाला आणि ग्लासासकट खाली बसला. मला वाटलं पाय घसरला. तो उठलाच नाही.

त्याचं सामान बांधायला मी खोलीवर गेलो. काठी भिंतीला टेकवलेली होती, दुकानाच्या कागदात जशीच्या तशी. रिळाचा दोरा सुटलेला नव्हता. गळाला तेलाचा चिकटपणा तसाच होता. मी ती काठी कितीतरी वेळ हातात धरून होतो आणि मला हमसून रडू आलं. त्याच्या भावकीतल्या माणसाने मला पाणी दिलं.

घरी परतताना सायकलवर माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. चंद्रभानचं सगळं कोरं राहिलं होतं. आमचं मात्र कुणीतरी वापरत होतं. वापरून संपवत होतं.

घरी शिरलो ते थेट नव्या घरात. शैलाकडून किल्ली घेतली, ती मागोमाग आली. निजायच्या खोलीत आरशाची एक बाजू टिकल्यांनी पूर्ण भरली होती. मी वर पाहिलं. पाळण्याची कडी, जिला कधी दोरी लागली नव्हती, ती आतल्या बाजूने घासून घासून चकचकीत पांढरी पडली होती. शैलाने वर बघू नये म्हणून मी तिच्या आणि त्या कडीच्या मध्ये उभा राहिलो, जसं काही माणसाच्या उंचीने छत झाकलं जातं.

तिने बघितलं नाही. तिने कपाट उघडलं होतं.

"अहो," ती म्हणाली.

अंजिरी साडी तिच्या हातात होती. घड्या मऊ पडल्या होत्या. खांद्यावर येतो तिथे पदराला पिनेची बारीक भोकं होती, एक नाही, पुष्कळ. काठावर हळदीचा जुना डाग.

"कसर लागली असेल," मी म्हणालो.

"कसर पिना लावत नाय," शैला म्हणाली. आणि मग ती माझ्याकडे बघून लहान मुलीसारखी रडली. "कोन नेसतंय हो माझी साडी? मी एकदा पन अंगाला लावली नाय."

५

मी तेव्हाच ठरवलं. भुताखेतावर माझा विश्वास नव्हता आणि आजही त्याला काय म्हणायचं मला ठाऊक नाही. पण पिंपातलं पाणी कुठूनतरी गळतंय एवढं कळलं की माणूस भोक शोधत बसत नाही, आधी हाताला येईल त्या भांड्यात पाणी काढून घेतो.

"आज नेस," मी म्हणालो. "आत्ता. आणि आजपासून इथेच राहायचं."

"आज? येड लागला का तुमाला? वास्तुशांतीची साडी हाय ती. देवासमोर कोरी नेसायची."

"ती आता कोरी नाही, शैला."

"मी घडी मोडली नाय ना? मग माझ्यासाठी कोरीच हाय." तिने डोळे पुसले आणि साडी पुन्हा नीट घडी घालून कपाटात ठेवली. अगदी कडेला कड जुळवून. मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो.

धर्माजीकाकांकडे गेलो. ते ओसरीवर पान जुळवत होते. म्हटलं, काका, वास्तुशांत उद्या करायची. भटजी मिळाला तर मिळाला, नाहीतर मीच नारळ फोडतो.

"काय रं, पाठीमागं कोन लागलाय तुझ्या?" ते म्हणाले. "अक्षय तृतीया तोंडावर आली. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त, पंचांग पन बघाय नको. इतकी वर्सं थांबलात, आता हे चार दिस नाय थांबवत?"

काय सांगणार होतो? साबण झिजतो म्हणून?  घरी आल्यावर शैलाने अक्षय तृतीयेचं ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला. किती दिवसांनी! ती लगेच पुरणाला डाळ किती लागेल ते बोलू लागली. तिला इतकं खुशीत पाहून मलाही वाटलं, चार दिवस तर आहेत.

६

मधल्या एका पहाटे मी मुद्दाम विहिरीजवळची एक ओळ खुडायची ठेवली. बुधीने दाखवून दिली तर तिला म्हटलं, असू दे.

संध्याकाळी कामावरून आल्यावर शैलाचा हात धरून तिला विहिरीच्या काठावर नेऊन बसवलं. भाकऱ्या राहिल्यात म्हणून ती कुरकुरत होती. उन्हं उतरली, समुद्राकडून वारा सुटला, आणि कळ्या उमलायला लागल्या. हे होताना दिसत नाही. आपण बोलत असतो, पुन्हा बघतो, तर झाड पांढरं झालेलं असतं.

शैला बोलायची थांबली.

"एवढा वास येतो होय ह्याला?" ती म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून रोज पहाटे ज्या झाडांशी वाकली होती, त्यांच्याबद्दल. "बाई गं! आनि आपन हे रोज घालवून देतो."

मी एक फूल तोडून तिच्या केसात खोवलं. तिने आधी इकडे तिकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना, मग मान जराशी तिरपी करून हसली. लग्नाच्या आधी तिला बघायला गेलो होतो तेव्हा हसली होती तशी.  मला वाटलं, हे एवढं रोज केलं असतं तर काय बिघडलं असतं!

"तिकडून पन येतो वास," ती एकाएकी म्हणाली.

तिने नव्या घराकडे बोट केलं. वारा समुद्राचा होता, आमच्या पाठीकडून नव्या घराकडे जाणारा. तरी वास समोरून येत होता, आमच्या एका ओळीपेक्षा कितीतरी दाट. खिडकी बंद होती.

"ती रोज माळत असंल," शैला म्हणाली.

"कोण?"

तिने केसातलं फूल काढून थोडा वेळ हातात धरलं, मग देवाला वाहायला म्हणून पदरात बांधलं. "जाऊ दे. परवा आपन जानारच हाय तिकडे," ती म्हणाली आणि भाकऱ्या भाजायला उठली.

७

अक्षय तृतीयेच्या आदल्या पहाटे आम्ही तिघं कळ्या खुडत होतो. शैला माझ्या पुढच्या ओळीत होती. पाहुण्यांना कोणत्या कपातून चहा द्यायचा यावर ती बुधीशी बोलत होती. "ते दोन डागाळलेले मागं ठेवायचे," असं म्हणत होती.

"जरा बसते हं," ती म्हणाली.

मी वर बघितलंही नाही. उजाडत आलं होतं आणि दोन ओळी राहिल्या होत्या. थोड्या वेळाने बुधीने हाक मारली. "बाय? ओ बाय?" मग तिने माझ्याकडे पाहिलं.

शैला झाडाला टेकून बसली होती. ओटीत कळ्या होत्या, एकही सांडली नव्हती.

पालघरहून डॉक्टर आला. हृदय बंद पडलं म्हणाला. आधी काही दुखत होतं का, छातीत कळ, धाप? नाही हो. दाताशिवाय काही दुखत नव्हतं. तो निघून गेला. मला आठवतं ते इतकंच की अंगणात माणसं जमत होती आणि मी टोपल्या सावलीत ठेवा म्हणून ओरडत होतो.

शेजारच्या हंसावहिनी माझ्याजवळ आल्या. त्यांनीच बायकांना हाताशी धरून सगळं चालवलं होतं. "भावजी, सवाष्ण गेलीय," त्या म्हणाल्या. "नवं नेसवायचं असतं. तिची ती अंजिरी साडी हाय ना, उद्यासाठी ठेवलेली, ती आना. तिचा जीव होता त्या साडीत."

शैलाच्या कमरेची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. ती अजून कोमट होती.

अंगणात इतका गलका होता, पण नव्या घराचं दार आत ढकललं आणि सगळं शांत झालं. दुपारचं ऊन ग्रिलमधून फरशीवर पडलं होतं. मोगऱ्याचा वास असा होता की श्वास घेताना अडखळावं. मी बसायची खोली ओलांडली आणि निजायच्या खोलीच्या उंबऱ्यात थांबलो.

आरशासमोर स्टुलावर ती बसली होती. पाठमोरी. अंजिरी साडी, आणि पांढऱ्या शुभ्र केसांचा लहानसा अंबाडा. अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा, पूर्ण उमललेल्या फुलांचा. पाठीला पोक आलं होतं. तिने हात वर केला. हात सुरकुतलेला होता, शिरा वर आलेल्या, पण करंगळी तशीच बाहेर काढलेली, शैला काढायची तशी. तिने कपाळावरची टिकली अलगद सोडवली आणि आरशावर लावली. आरशावर आता जागाच उरली नव्हती. तिने बोटाने चाचपून एक शेवटची फट शोधली. तिला कसली घाई नव्हती. दिवसभराचं काम आटोपून बाई निजायच्या आधी बसते तशी ती बसली होती.

मला हाक मारायची होती. किल्ली माझ्या हातून फरशीवर पडली आणि मी खाली पाहिलं.

वर पाहिलं तेव्हा स्टूल रिकामं होतं. पलंगावर साडी घडी करून ठेवलेली होती, कडेला कड जुळवून. मी ती उचलली. ती गरम होती.

मग मी आरशाजवळ गेलो. शेवटच्या टिकलीचा डिंक अजून ओला होता. मी ती नखाने सोडवली आणि तळहातावर घेऊन बाहेर आलो.

हंसावहिनींनी साडी उलगडली आणि त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. कापड विरलेलं होतं. उन्हात धरलं तर पलीकडचं दिसत होतं. काठाचे धागे सुटले होते, निऱ्यांच्या जागी रफू केलेलं होतं, आणि तो वाकडा टाका शैलाचा होता हे तिथल्या सगळ्या बायकांना कळत होतं.

"भावजी, ही नव्हे," त्या हळूच म्हणाल्या. "हे जुनेर हाय. नवी साडी आना."

"हीच," मी म्हणालो. "तिचीच आहे. नेसून नेसून विरलीय. नेसवा."

आणि मला तेव्हा चंद्रभानची कागदातली काठी आठवली आणि मी अंगणात सगळ्यांच्या समोर मोठ्याने रडलो. कुणी नेसली होती, कुठे नेसली होती, कुणाच्या पाळण्यापाशी उभी राहून नेसली होती, मला ठाऊक नाही. माझ्या शैलाला त्यातला एक दिवसही मिळाला नाही.

टिकली मी तिच्या कपाळावर लावली. ओटीतल्या कळ्या बायकांनी तशाच राहू दिल्या. त्या दिवशीच्या टोपल्या पालघरला गेल्या नाहीत. संध्याकाळी आम्ही तिला खाडीकडे नेलं तेव्हा वाटेत त्या कळ्या उमलल्या.

८

परत आल्यावर सगळे जुन्या घरात गेले. मी अंगण ओलांडून नव्या घराकडे निघालो.

"कुटं चाललास?" धर्माजीकाका म्हणाले. "सुतक हाय रं. वास्तुशांत नाय झाली त्या घराची. आत पाय ठेवू नको."

मी थांबलो नाही.

ओट्यावर मीटर होता. मी उभा राहून बघितलं. फ्यूज माझ्या खिशात होते. चकती फिरत होती, पूर्वीपेक्षा हळू, एखादाच दिवा असावा इतकी.

स्वयंपाकघरात ओट्यावर ते दोन कप होते. एक धुऊन पालथा घातलेला. दुसऱ्यात चहा होता आणि त्यातून वाफ निघत होती.

म्हणजे माझ्या वाट्याचं अजून कुणीतरी वापरत होतं.

मी तो कप उचलून बसायच्या खोलीत आलो. खुर्चीवरचं प्लास्टिक टराटरा फाडून काढलं, खिडकी उघडली आणि बसलो. बाहेर विहिरीजवळची ती ओळ दिसत होती, पुन्हा पांढरी झालेली. चहा मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. साखर नावापुरती होती, मला लागते तेवढीच.